सरासरी ५१ आहे, पण थिअरीत ३८ आहेत

सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीचे वडील जुळे सोलापूरहून लिहितात : "अॅनाटॉमीच्या इंटर्नलला थिअरीत ३८ टक्के, प्रॅक्टिकलला ६५. सरासरी ५१ होते, मग चालेल ना? फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलची हजेरी ६८ टक्के आहे. वर्ष वाया जाईल का? खासगी क्लास लावू का?"

सप्रेम नमस्कार.

सरासरीवर विसंबू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनात, दोन्ही मिळून ५० टक्के लागतातच, शिवाय थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे किमान ४० हवेत. ३८ वर थांबलात तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. हे गुण विद्यापीठाच्या गुणांत मिळवलेही जात नाहीत. गुणपत्रिकेत वेगळे दिसतात. म्हणजे इंटर्नल हा फक्त उंबरठा आहे, पण तो ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेल्यावर थिअरीत ५० आणि प्रॅक्टिकलमध्ये ५० वेगवेगळे मिळवावे लागतात, आणि व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, गुण प्रॅक्टिकलकडे जातात, थिअरीला हातभार लावत नाहीत.

हजेरीचा हिशेब आज रात्रीच मांडा. थिअरीला किमान ७५ टक्के लागते, प्रॅक्टिकलला ८०. समजा आतापर्यंत ६० प्रॅक्टिकल झाली आणि ती ४१ ला हजर होती. अजून ८० व्हायची असतील, तर एकूण १४० पैकी ११२ लागतील. उरलेल्या ८० पैकी ७१. नऊच चुकवता येतील, आणि घरचं एक लग्न, एक ताप यांत चार-पाच सहज जातात. विभागातून नेमका आकडा लेखी काढून घ्या.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या कौशल्यांची नोंदवही, तीही पाहा. रक्तदाब मोजण्यासारखं कौशल्य तिने केलं, एवढ्याने भागत नाही. तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा, शिक्षकांचा शेरा आणि सही अशी पूर्ण ओळ लागते. बहुतेक मुलं सह्या शेवटच्या महिन्यावर ढकलतात. तेव्हा शिक्षकांना कोणी काय केलं ते आठवत नाही, आणि प्रमाणित करायची कौशल्यं अपुरी राहिली तर परीक्षेची पात्रताच अडते. त्याच दिवशी सही घ्यायची, एवढा एकच नियम तिला लावा.

थिअरी मागे का राहिली, याचं मला वाटणारं कारण ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या तयारीत आहे. दोन वर्षं चार पर्यायांतून उत्तर निवडायची सवय लागली. इथे बहुपर्यायी प्रश्न २० टक्क्यांपेक्षा जास्त नसतात. बाकी सगळं लिहायचं आणि आकृती काढायची. वाचलेलं माहीत असतं, पण कागदावर उतरत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस घड्याळ लावून एक दीर्घोत्तरी आणि चार लघुत्तरी प्रश्न लिहायचे, प्रत्येकासोबत नावं दिलेली आकृती, आणि ते विभागातल्या शिक्षकांना किंवा मेंटरना (तिच्या मार्गदर्शक शिक्षकांना) दाखवायचं. क्लास तूर्त नको. क्लासने हजेरी भरत नाही, उलट संध्याकाळचा लिहिण्याचा वेळ जातो.

वर्षाबद्दल : मुख्य परीक्षेत एखादा विषय राहिला, तर पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होते. ती पास झाली तर मुलगी आपल्याच बॅचसोबत पुढे जाते. तिथेही राहिली तर पुढच्या वर्षीच्या बॅचला जावं लागतं, मधली वेगळी बॅच नसते. पहिल्या वर्षासाठी एकूण चार प्रयत्न मिळतात. पण ही वाट परीक्षेला बसलेल्यांसाठी आहे. म्हणून सोमवारी तिला सोबत घेऊन मेंटरना भेटा आणि अॅनाटॉमीसाठी इंटर्नलचे गुण वाढवायची सुधारणा चाचणी कधी होणार, हे पहिलं विचारा.