मुलांना कोरकू समजते, पण ती बोलत नाहीत; खेळांचा उपयोग होईल का?

आपण लिहिले आहे की घरात आपण दोघेही कोरकू ही आदिवासी भाषा बोलता, परंतु परतवाड्याच्या शाळेत जाऊ लागल्यापासून दोन्ही मुले सगळे समजूनही उत्तर मराठीतच देतात. मी स्वतः कोरकू असून धारणी तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. खेळांचा उपयोग निश्चित होतो; मात्र ज्या खेळात न बोलता जिंकता येते, तो या कामी येत नाही.

मराठीत दिलेले उत्तरही आईबाबांना कळते, त्यामुळे मुलांना कोरकू बोलण्याची गरजच उरत नाही. हे इतरत्रही घडते. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील १,८९९ कुटुंबांचा भाषाशास्त्रज्ञ अनिक डी हाउवर यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरी अल्पसंख्याक भाषा कानावर पडत असूनही सुमारे चौथा हिस्सा मुले ती बोलत नव्हती.

म्हणून गरज खेळातूनच निर्माण करावी. मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो पाठीला पाठ लावून खेळायचा खेळ. दोघांपुढे सारखेच चिंचोके, खडे, काड्या आणि पाने ठेवावीत. एकाने आपली मांडणी करत ती कोरकूत सांगावी, दुसऱ्याने न बघता तशीच मांडावी आणि अडल्यास प्रश्न विचारावेत. वर, खाली, डावीकडे, जवळ असे शब्द यात इतक्या वेळा लागतात की ते आपोआप जिभेवर येतात. आजी गावाहून आली असेल, तर तिलाच जोडीला बसवावे, कारण तिच्याशी कोरकू बोलणे मुलांना अगदी स्वाभाविक वाटते.

दुसरे म्हणजे जोड्यांचे खेळ अवश्य घ्यावेत. कोरकूत दोघांसाठी आणि दोहोंपेक्षा अधिक जणांसाठी वेगवेगळी रूपे आहेत, मराठीत हा भेद नाही. त्यामुळे मराठीत रुळलेल्या मुलांच्या बोलण्यातून द्विवचन लवकर निसटते, असा माझा अनुभव आहे. दोन-दोन जणांच्या जोड्या करून लपाछपी खेळल्यास ‘आम्ही दोघे’, ‘तुम्ही दोघे’, ‘ते दोघे’ हे सतत म्हणावे लागते. अष्टचंग्याची घरे मोठ्याने कोरकूत मोजावीत, म्हणजे आकडेही टिकतील.

‘याला कोरकूत काय म्हणतात, सांग बरं’ असे विचारत राहणे मात्र कृपया टाळावे. ती परीक्षा होते आणि मूल गप्प बसते. मराठी शब्द वापरल्याबद्दल दंड किंवा गुण कापणे तर मला मुळीच मान्य नाही, कारण आपल्या अनेक मुलांनी शाळेत भाषेपायी पुरेसे ऐकून घेतलेले असते. मूल मराठीत बोलले, तर तेच वाक्य आपण कोरकूत सहज म्हणावे आणि डाव पुढे चालू ठेवावा.

खेळाचे नियम समजावण्याचे काम थोरल्याकडे सोपवावे. भावंडे आपसांत कोणती भाषा बोलणार हे बहुधा थोरल्यावरूनच ठरते, आणि त्याने नियम कोरकूत सांगितले की धाकटे वादही कोरकूतच घालू लागते.