मॅक की विंडोज? आधी स्क्रीन बघा

तासगावचे एक पालक लिहितात: मुलगी बारावीला आहे, ग्राफिक डिझाइन करायचं म्हणते. क्लासमधली मुलं सांगतात की खरे रंग फक्त मॅकवर दिसतात. सांगलीतला दुकानदार गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारतोय. बजेट 70 हजार, तेही बेदाण्याचे पैसे आल्यावर. काय घ्यावं?

सप्रेम नमस्कार.

मुलांचं अर्धं बरोबर आहे. 2022 पासूनच्या छोट्या मॅकबुक एअरची स्क्रीन 2560 × 1664 ची, म्हणजे इंचाला 224 पिक्सेल. नेहमीच्या 15.6 इंची फुल एचडी लॅपटॉपला ते 141 भरतात. देवनागरीची वेलांटी, जोडाक्षरातली बारीक गाठ मॅकवर रेखीव दिसते, हे मीही मान्य करतो. पण ही करामत स्क्रीनची, मॅकची नव्हे. विंडोजवाल्यांकडेही तशा स्क्रीन मिळतात; फक्त स्वस्त मॉडेलमध्ये कंपन्यांची कात्री आधी तिथेच चालते.

म्हणून दुकानदाराला पॅनेलची, म्हणजे स्क्रीनच्या पडद्याची, माहिती विचारा. '45 टक्के एनटीएससी' (म्हणजे टीव्हीच्या जुन्या रंगमापातले निम्म्याहून कमी रंग) असं उत्तर आलं तर तो लॅपटॉप ठेवून द्या, ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असो. कार्ड चित्र भरभर काढेल, पण पॅनेलला जो रंग दाखवताच येत नाही तो आणणार कुठून? 'आयपीएस' (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल) आणि '100 टक्के एसआरजीबी' (वेब आणि फोटोंसाठी ठरलेले सगळे रंग) हे दोन्ही हवं. जाताना हळदीचं एक छापील पाकीट घेऊन जा. त्याचा फोटो दोन-तीन लॅपटॉपवर उघडा आणि पाकीट शेजारी धरा. हलक्या स्क्रीनवर कुंकवासारखा लाल विटकरी होतो, हळदीचा पिवळा मरगळतो. फरक मुलीला ओळखू द्या, तुम्ही सांगू नका.

आता कामाचं. आपल्याकडे फ्लेक्स आणि पॅकेजिंगच्या दुकानांत कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालतं, तेही विंडोजवर. मॅकसाठी ते बरीच वर्षं नव्हतंच, 2019 ला परत आलं. फोटोशॉप, इलस्ट्रेटर दोन्हीकडे आहेत. उद्या ती थ्रीडीकडे वळली तर थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतं. एवढ्या बजेटमध्ये मी चांगल्या स्क्रीनचा, 16 जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉपच घेईन. छापताना मात्र कोणत्याही स्क्रीनवर विसंबू नका. शाईचे रंग वेगळे, एक नमुना छापूनच बघायचा.

पण इतकी घाई कशाला? आयआयटी मुंबईच्या 'यूसीड' या डिझाइन पदवीच्या प्रवेश परीक्षेत हाताने कागदावर चित्र काढावं लागतं, तिथे लॅपटॉप कामाला येत नाही. सध्या तिला स्केचबुक आणि चांगल्या पेन्सिली घेऊन द्या. लॅपटॉप प्रवेश झाल्यावर, कॉलेजात काय वापरतात ते विचारून घ्या. तोवर बेदाणाही विकला जाईल.