झेडपी शाळेत पहिला सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशातला) प्रोजेक्ट करताय?

अरे पहिलाच आहे ना, मग एकच शाळा घे, नाशिकच्या पेठ नाहीतर त्र्यंबक रोडची, दर आठवड्याला बाईकवर जाता येईल अशी, पाच घेतल्या की नुसते फोटो निघतात.

पैशासाठी सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे जायच्या आधी हेडसरांना भेट, आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घे. समितीत किमान ७५ टक्के पालकच असतात, ते सोबत असले की निम्मी डोकेदुखी जाते. आणि हो, सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेऊन काम करायची सरकारी नोंदणी) असलेली संस्था सोबत लागेल, एकट्याच्या खात्यात कंपनी पैसे टाकणार नाही.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:

- सगळा पैसा वस्तूंवर. मायक्रोस्कोप येतो, कपाटात जातो, चावी ज्या सरांकडे त्यांची बदली होते, झालं कल्याण! स्लाइड, रिपेअरिंग, शिकवणाऱ्याचं मानधन, पेट्रोल हे आधी धर, मग खरेदी.
- कॅलेंडर न बघणं. शाळा जूनमध्ये सुरू, कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, मध्ये परीक्षा आणि दिवाळी.
- बिलं नंतर गोळा करू. नको, त्याच दिवशी.

इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा परिणाम मोजणं, वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस, दोन पानी अर्ज लिही आणि मला टाक, बघतो.