२०२५ मधले तुमचे आवडते फुटबॉल क्षण कोणते?

२२ ऑक्टोबर, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, ४१वं मिनिट. एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने सौदी अरेबियाच्या अल नासर क्लबविरुद्ध केलेला गोल. तुम्ही समर्थकांना वर्षभरातले आवडते क्षण विचारलेत. माझ्याकडे आणखीही आहेत, पुढे सांगतो, पण पहिला मान याचा. सामना आम्ही १-२ असा हरलो, तरीसुद्धा.

मी बेळगावचा. राहतो कर्नाटकात, घरात मराठी, आणि फुटबॉल म्हटलं की जीव गोव्यात. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. बेंगळुरूला जायचं तर रात्रभराचा प्रवास. कोल्हापूर आणि गोवा मात्र सकाळी निघून रात्री परत येण्यासारखे. आमच्या आधीची पिढी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघायला जायची. पाटाकडील तालीम भारी की दिलबहार, यावर अजून आवाज चढतात. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली आणि आमच्या वयाची पोरं घाट उतरून गोव्याकडे वळली.

अल नासरची गोष्ट सुरू झाली ऑगस्टमध्ये. १३ तारखेला फातोर्ड्यावरच गोव्याने ओमानच्या अल सीबला २-१ हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटात जागा मिळवली. पुढे ड्रॉमध्ये अल नासर आपल्याच गटात आली आणि जो तो एकच विचारायला लागला, त्यांचा रोनाल्डो येणार काय? तो आला नाही. पुष्कळांचा हिरमोड झाला. माझा झाला नाही, कारण मला बघायचा होता तो आपला संघ. जोआव फेलिक्स, सादिओ माने असे खेळाडू ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासमोर आपली पोरं कशी उभी राहतात हे बघायचं होतं.

सामना नेमका दिवाळी पाडव्याला. "पाडव्याला कोण घर सोडून जातं रे?" आई म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. पण बायकोने पहाटे औक्षण उरकून घेतलं, फराळाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "उद्या भाऊबीज आहे, वन्सं वाट बघतील, तेवढं लक्षात ठेवा." पाडव्याला बेळगावात गवळी लोक म्हशी सजवून, शिंगं रंगवून रस्त्यातून पळवतात. त्या गर्दीत अडकलो की संपलं, म्हणून लवकरच निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, फोंडा, मडगाव. गाडीत चकलीचा भुगा आणि मागच्या सीटवर केशरी जर्सींचा ढीग.

अल नासरचा पहिला गोल दहाव्या मिनिटाला झाला, दुसरा अर्धा तास व्हायच्या आत. आमच्या स्टँडमध्ये माणसं गप्प झाली. आठच दिवसांपूर्वी याच मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला होता आणि २०२७च्या आशिया कपचं दार बंद झालं होतं. ते दुखणं ताजं होतं. माझ्या शेजारी एक वयस्कर गोंयकार बसले होते. ते कोकणीत पुटपुटत होते, मी मराठीत, आणि आम्हां दोघांची चिंता एकच, आता किती खाणार?

आणि मग ब्रायसनचा गोल.

चेंडू जाळ्यात गेला तो मी पाहिला. त्यानंतरचं काही धड दिसलं नाही, कारण त्या आजोबांनी माझा दंड असा काही आवळला होता की दुसऱ्या दिवशी बहिणीने टिळा लावताना विचारलं, "हे काय रे, कुठं धडपडलास?" पुढून, मागून, वरच्या पायऱ्यांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. "आमचो भुरगो! आमचो भुरगो!" आजोबा ओरडत होते, म्हणजे आमचा पोरगा. खरंच होतं ते. ब्रायसन गोव्याचाच. २०२४-२५च्या आयएसएलमध्ये उदयोन्मुख खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला. आशियातल्या सर्वांत पैसेवाल्या संघांपैकी एकाच्या जाळ्यात चेंडू घातला तो ज्याला लोक गल्लीत खेळताना बघत आले त्या पोराने. समर्थकासाठी गोल कुणी केला याला फार किंमत असते, निदान माझ्यासाठी तरी आहे. परदेशातून आलेल्या स्ट्रायकरने तोच गोल केला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ब्रायसनने केला म्हणून मी रडलो.

याच कारणाने १६ मार्चची रात्रही माझ्या यादीत वर आहे. वेम्बलीवर लीग कपची फायनल, न्यूकॅसल विरुद्ध लिव्हरपूल. माझा न्यूकॅसलशी काही संबंध नाही, पण डॅन बर्नचा हेडर मी नंतर कितीदा तरी पाहिला. हा माणूस त्याच भागातला, ब्लाइथचा. लहानपणी न्यूकॅसलनेच त्याला अकादमीतून काढून टाकलं होतं. खालच्या पायरीपासून खेळत खेळत तो २०२२ मध्ये परत आला आणि बत्तिसाव्या वर्षी, पूर्वार्ध संपता संपता, त्याने कॉर्नरवर डोकं लावलं. पुढे इसाकने दुसरा गोल केला, २-१ असा निकाल लागला आणि १९५५ नंतर प्रथमच क्लबला इंग्लंडमधला मोठा चषक मिळाला. सत्तर वर्षं! त्या स्टँडमध्ये आजोबा, बाप आणि नातू एकत्र रडत होते.

आता दुखरा क्षण, पण आवडत्यांतलाच. एप्रिलमधली आयएसएलची सेमीफायनल, गोवा विरुद्ध बेंगळुरू. आमच्या ग्रुपमध्ये दोन्हीकडची माणसं, त्यामुळे बेळगावच्या कँपातल्या मित्राच्या घरी टीव्हीसमोर सरळ दोन बाजू पडल्या होत्या. दोन सामन्यांची लढत, पहिल्या लेगमध्ये बेंगळुरू २-० पुढे. फातोर्ड्यावर गोव्याने उत्तरार्धात एक फेडला आणि ८८व्या मिनिटाला सादिकूने दुसरा मारला. बरोबरी! आम्ही अजून नाचतच होतो आणि ९२व्या मिनिटाला बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने हेडर घातला. चाळीस वर्षांचा माणूस! एकूण ३-२, गोवा बाहेर. बेंगळुरूवाली पोरं "काय मारला मर्दा!" म्हणत सोफ्यावर चढली. मला राग यायला हवा होता, पण मी हात जोडले. त्या वयात, शेवटच्या मिनिटाला, अचूक त्या जागी पोचायचं, ही भूक कुठून आणायची?

५ जुलैबद्दल फार कमी लोक बोलले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या मुलींनी थायलंडला थायलंडमध्ये, चियांग माईत, २-१ हरवलं आणि २०२६च्या महिला आशिया कपमध्ये जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून, जिंकून तिथवर जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पहिला तर लांबून, गोलकीपर बघत राहिली. माझी भाची शाळेच्या संघात खेळते. तिने तो गोल मोबाइलवर परत परत लावला आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर लांबूनच किक मारायला सुरुवात केली. बहुतेक किक कुंपणापलीकडे जातात. जाऊ देत.

युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची इंटर-बार्सिलोना सेमीफायनलही अर्थात आहे. ९३व्या मिनिटाला सदतीस वर्षांच्या अचेर्बीने बरोबरी साधली, जादा वेळेत फ्रातेसीने निकाल लावला, एकूण ७-६. रात्रभर जागलो ते सार्थकी लागलं. फायनल पीएसजीने इंटरविरुद्ध ५-० जिंकली. खेळ देखणा होता, पण इतक्या एकतर्फी सामन्यात माझा जीव रमत नाही.

शेवटचा क्षण ७ डिसेंबरचा, परत फातोर्डा. सुपर कपची फायनल, ईस्ट बंगाल समोर. गोल नाही, पेनल्टी ६-५, चषक गोव्याने राखला. मे महिन्यात भुवनेश्वरला आधीच्या सुपर कप फायनलमध्ये जमशेदपूरवर मिळवलेला विजय एकतर्फी होता, ३-०; या खेपेला मात्र एकेका किकला पोटात गोळा येत होता. आणि तेव्हा आयएसएलचा मोसम सुरूसुद्धा झाला नव्हता. करारांच्या घोळात सगळं अडकलेलं, आपल्याला पुढचा सामना कधी मिळणार हे खेळाडूंनाच ठाऊक नाही. अशा वेळी त्या पोरांनी एकशेवीस मिनिटं धावून, पाय थरथरत असताना त्या पेनल्टी मारल्या. आपला फुटबॉल चालवणाऱ्यांनी तो सामना एकदा नीट बसून बघावा, एवढीच माझी विनंती आहे.