फिट माणसालाही स्कूबा करताना धाप का लागते?

रोज पळता, पोहायलाही येतं, तरी तारकर्लीला कोर्समध्ये फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) मारताना दम लागला आणि सिलिंडर भरलेला असूनही जीव घाबरला, असं तुम्ही लिहिलंय. मी अधूनमधून मालवणला डाइव्ह करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

तुमचा स्टॅमिना ठीकच असणार. पण पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते, त्यात पाठीवर सिलिंडर, अंगात फुगलेली बीसीडी (तरंगणं सांभाळणारं, हवा भरता येणारं जॅकेट). जिममधला जोर इथे उलटतो.

खरी गोम श्वासात आहे. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातून) येणारी हवाही दुप्पट दाट. ती ओढायला आणि सोडायला जास्त कष्ट पडतात. वरून वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) छाती आवळतो, आणि पाण्यात उतरताच हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. (डाइव्हनंतर लघवीची घाई होते ती त्यामुळेच.) अशात जोरात फिन्स मारल्या की कार्बन डायऑक्साइड भराभर तयार होतो आणि घाईच्या, उथळ श्वासांनी तो बाहेर पडत नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः याच वायूमुळे येते, ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. म्हणून सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजवर 120 बार, म्हणजे पुरेशी हवा, दिसत असते आणि मन म्हणतं, हवा संपली, पळ वर! पॅनिक झालेली माणसं तोंडातला चालू रेग्युलेटर उपटून काढतात ती याच भरात. मास्कही भर घालतो: नाक बंद, बाजूचं काही दिसत नाही, समोरचं मोठं आणि जवळ दिसतं.

तेव्हा दम लागतोय असं वाटलं की आधी पाय थांबवा. दोरी धरा, बडीला (सोबतच्या डायव्हरला) खूण करा, आणि श्वास घेण्यापेक्षा सावकाश, पूर्ण सोडण्याकडे लक्ष द्या. श्वास रोखायचा मात्र नाही. वर येताना तर अजिबात नाही, फुप्फुस फाटू शकतं. भाड्याचा वेटसूट किनाऱ्यावरच घालून पोटभर श्वास घेऊन बघा, अडखळला तर लाज न बाळगता मोठा मागा. पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला बांधतात तो वजनाचा पट्टाही तपासून घ्या. जादा वजनाने पाय खाली लोंबतात, माणूस तिरका पोहतो आणि उगाच दमतो. नवख्यांना सर्रास जास्तच वजन लावतात, हे माझं मत.

पाण्याबाहेर आल्यावरही धाप थांबली नाही किंवा खोकल्यातून फेस आला, तर पुन्हा उतरू नका, थेट डॉक्टर गाठा.