इंजेक्शन डिस्काउंटमध्ये मिळेल का, या तुझ्या मेसेजचं उत्तर

अरे बाळा,

तुझा पहाटे पावणेचारचा मेसेज सकाळी शटर उघडताना वाचला. "काकू, ते वजनाचं इंजेक्शन आपल्याकडे मिळेल का, डिस्काउंट किती बसेल?" दोन ओळींत उत्तर देणार होते, मग म्हटलं नको, दुपारी दोन ते पाच दुकान बंद असतं तेव्हा नीट बसून लिहिते. कॉलेजची तीन वर्षं तू माझ्या काउंटरमागे उभा होतास, नौपाड्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या सायकलवरून पोचवल्यास, त्यामुळे चार शब्द जास्त बोलले तर ऐकून घे.

मिळतं. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तुला देणार नाही, आणि तुझ्या जागी माझा सख्खा भाचा असता तरी दिलं नसतं.

आता लगेच असं समजू नकोस की काकू जुन्या वळणाच्या, औषधाच्या विरोधात. औषध खरंच काम करतं रे. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं पुरे झालं, पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं, पण बिचारं दोन-चार मिनिटांत संपूनही जातं. ही औषधं तेच काम करतात, फक्त आठवडाभर टिकतात, म्हणून आठवड्याला एक टोचायचं. मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये, आणि तेव्हापासून माझ्याकडे रोज कोणीतरी विचारतं, त्यातले निम्मे कुणाच्या तरी लग्नाच्या तारखेवरून मागे मोजून आलेले असतात.

तू मला वजन ८४ लिहिलंयस, उंची पाच फूट सात. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २९. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणाच धरतात, पण या औषधाचा नियम ३० च्या वरचा आहे, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी असं काहीतरी. तू बरोबर मधे लटकलायस. आधी रिपोर्ट काढ, मग डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि तुझा जिमवाला तर नाहीच नाही (त्याच्याबद्दल खाली लिहिते).

आमच्या घरातली गोष्ट सांगते, तुला अर्धीच माहितीये. काकांना नऊ वर्षं शुगर. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांनी हे इंजेक्शन सुरू केलं, वजन तेव्हा ९६. पहिल्या महिन्यात मळमळ, बद्धकोष्ठता, मग बसलं अंगाला. काटा उतरायला लागला तशी मी खूश, हे खूश, तलावपाळीवर भेटणारा प्रत्येक जण विचारायचा काय करता हो. आणि करत काय होते? सकाळी चहा आणि दोन मारी, दुपारी अर्धी पोळी, रात्री "नको गं, भूकच नाही". मी स्वतः केमिस्ट, तीस वर्षं औषधं विकतेय, मलाही वाटलं वा, कमी खातायत म्हणजे छानच चाललंय.

मग गणपती आले. मूर्ती दरवर्षी हेच आणतात, दुकानापासून घरापर्यंत हातात धरून, कोणाला हात लावू देत नाहीत. त्या वर्षी वजन ८५ झालेलं आणि राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर हात थरथरायला लागले. पुतण्याच्या हातात मूर्ती दिली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांकडे गेलो तर पहिला प्रश्न, खाता काय? सांगितल्यावर असे काही भडकले की बस. म्हणाले, वजन फक्त चरबीचं उतरत नाही, स्नायूंचंही उतरतं, आणि पोटात प्रथिनं नसतील, हातापायाला काम नसेल तर ते जास्तच उतरतं.

आपल्या लोकांकडे तर मुळातच स्नायू कमी. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा तो फोटो तू बघितला असशील, ते आणि एक इंग्रज डॉक्टर शेजारी शेजारी उभे, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणजे दिसायला बारीक असलो तरी आत हा प्रकार. अशा अंगातून स्नायू घालवून तू वजन कमी केलंस तर काटा खाली जाईल, शर्टही बसेल, पण ठाणे स्टेशनचा जिना चढताना दम लागायचा तो लागेलच.

म्हणून मला तुझ्या मेसेजमधलं ते वाक्य खटकलं, "डाएट वगैरे जमत नाही म्हणून इंजेक्शन". उलटं आहे रे ते. पोटात मावणारच जर निम्मं असेल तर त्या निम्म्यात काय जातंय याला दुप्पट महत्त्व येतं. ज्याला साधं खाणं जमत नाही त्याने इंजेक्शन घेतलं तर तो वाईटच खाईल, फक्त थोडं कमी, अर्धा वडापाव खाईल, पण खाईल वडापावच.

सेमाग्लुटाइडच्या (वेगोवीत असतं तेच औषध) ज्या मोठ्या ट्रायलचा आकडा सगळे सांगतात, ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन कमी, त्यातल्या लोकांना इंजेक्शनबरोबर रोजचं खाणं ५०० कॅलरीने कमी करायला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायला पण सांगितलं होतं, हे कोणी सांगत नाही. आणि नंतर औषधही थांबलं, ते मार्गदर्शनही थांबलं, तर वर्षभरात कमी झालेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. आमच्याकडे पण तेच. डिसेंबरात मुलीच्या लग्नाच्या खर्चात ह्यांनी मला न सांगता तीन महिने बंद ठेवलं, भूक अशी परत आली की लग्नातले उरलेले लाडू डब्यासकट गायब. पाच किलो वाढले. पण उसळ, अंडी आणि सकाळचं चालणं तोवर अंगवळणी पडलं होतं म्हणून पाचवर थांबलं असं माझं मत. आता परत सुरू आहे, चिठ्ठीवर.

पैशाचं पण बोलू. मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची एक व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, ३,५०० रुपये, महिन्याला चार, करा हिशोब. सेमाग्लुटाइडचं पेटंट आपल्याकडे मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, त्यामुळे देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला, भाव उतरणारच. पण स्वस्त झालं तरी ते सहा महिन्यांचा कोर्स करून सोडायचं औषध नाही, बऱ्याच जणांना लांब पल्ल्याचं घ्यावं लागतं. कळव्याच्या घराचा हप्ता तू भरतोस हे मला माहितीये.

आता तुझं खाणं. मला नाही वाटत तू भूक लागते म्हणून खातोस. संध्याकाळी सहा ते पहाटे तीन ऐरोलीला शिफ्ट, उठतोस बाराला, उठल्यावर चहा-खारी, दोनला आई वाढते ते डोळे मिटून खातोस, निघताना काही नाही, रात्री अकराला कॅन्टीनचा शेजवान राईस आणि ५०० मिलीची कोल्ड्रिंक, त्या एका बाटलीतच दहा-बारा चमचे साखर असते, आणि साडेतीनला कॅब नाक्यावर थांबते कारण ड्रायव्हरला चहा प्यायचा असतो, मग तुझ्या हातात भुर्जीपाव. त्यावेळी तुला भूक नसते रे, झोप आलेली असते. इंजेक्शन भूक कमी करेल पण तुझी शिफ्ट बदलणार नाही आणि कॅबचा स्टॉपही.

तर तुझा दिवस बाराला उगवतो हे आधी मान्य कर. बाराला खारी नाही, दोन अंडी आणि भाकरी किंवा जी असेल ती पोळी. खरं जेवण पाचला, घरून निघायच्या आधी, त्यात वाटीभर घट्ट उसळ पाहिजे, पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच प्रथिनं असतात आणि तुझ्या वजनाला दिवसाला ७० च्या आसपास लागतात. मोड आलेली मटकी जांभळी नाक्याला तयार मिळते, आईला भिजवायचा त्रास पण नको. आई बांगडा करते त्या दिवशी तर काही विचारायलाच नको, दोन खा. अकराचा डबा घरचा. साडेतीनला चहा घे हवा तर, पण कॅबमधून उतरू नकोस. बस, एवढंच, भात सोड वगैरे मी सांगणार नाही, भात सोडलेली माणसं मी बघितलीयेत, महिन्याभरात दुप्पट खातात. आणि महिन्यातून एकदा मामलेदारला मिसळ खायला जा, मीच घेऊन जाते.

हे तीन महिने कर. तरी काटा हलला नाही, रिपोर्टमध्ये काही निघालं आणि डॉक्टर म्हणाले घे, तर बिनधास्त घे, कमीपणा नाही त्यात. तोवर खायची सवय लागलेली असेल, औषधाला काम करायला जागा मिळेल.

राहता राहिला जिमवाला. तुझ्या मित्राला त्याने लेबल नसलेली व्हायल दिली असं तू सहज लिहून गेलास. हे औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, ते त्याच्या बॅगेत मे महिन्यात ट्रान्सहार्बरच्या लोकलने फिरलेलं असणार, आत काय आहे देव जाणे. डोस पण हळूहळू चढवायचा असतो, सेमाग्लुटाइडला पहिला महिना ०.२५ मिलिग्रॅम, हा एकदम मोठा टोचतो म्हणे लवकर फरक दिसावा म्हणून. मित्राला सांग, पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ गेली तर ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ, स्वादुपिंडाला सूज असू शकते. सिब्युट्रामिन आठवतं का तुला? कसं आठवेल, तू लहान होतास. वजनाची गोळी म्हणून माझ्या याच काउंटरवरून जायची, २०११ मध्ये बंदी आली, हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचा धोका म्हणून. उरलेल्या स्ट्रिपा परत पाठवताना मी रजिस्टरमध्ये कोणाकोणाला विकल्या ती नावं वाचत बसले होते. ती दुपार मला परत नकोय.

रविवारी सकाळी उपाशीपोटी ये, गोखले रोडच्या लॅबमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे आणि थायरॉइड करून घेऊ, घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का तेही आईला विचारून ये, डॉक्टर विचारतातच. मग वर घरी, पोहे करते, शेंगदाणे भरपूर घालून. आणि ती व्हायल मित्राची नसून तुझ्याच फ्रीजच्या दारात असेल, तर तीही घेऊन ये. आईपासून लपवायची गरज नाही, सकाळी दुकानात आली होती, तिनेच मला दाखवली.

काकू