डेट्रॉइट पिस्टन्स हा बास्केटबॉल संघ मूळचा डेट्रॉइटचाच आहे का? त्याचा इतिहास काय आहे?

नाही, मूळचा तो इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. तिथे फ्रेड झोलनर यांचा इंजिनाचे पिस्टन बनवण्याचा कारखाना होता. कारखान्याचा संघ त्यांनी १९४१ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये उतरवला आणि मालाचंच नाव त्याला मिळालं: झोलनर पिस्टन्स. पुढे डेट्रॉइटसारख्या मोटारींच्या शहरात ते चपखल बसलं, एवढंच.

फोर्ट वेनची वर्षं लोक एका ओळीत उरकतात, पण मला तीच सर्वांत रंजक वाटतात. २२ नोव्हेंबर १९५० चा मिनियापोलिस लेकर्सविरुद्धचा सामना बघा. लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, ६ फूट १० इंच उंच. त्याच्यापुढे बास्केटखाली आपला निभाव लागणार नाही हे ओळखून पिस्टन्सनी चेंडू हातात धरून नुसता वेळ काढला. तेव्हा त्यावर बंधन नव्हतं. प्रेक्षक भडकले, पण पिस्टन्स १९-१८ असे जिंकले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे! एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, इतक्या कमी गुणांचा सामना दुसरा झालेला नाही.

असल्या खेळाला प्रेक्षक कंटाळणारच. म्हणून १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या आत शॉट घेण्याचा नियम आला. त्यासाठी झटले होते सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन. नियमाच्या पहिल्याच मोसमात पिस्टन्स अंतिम फेरीत पोहोचले आणि हरले ते सिराक्यूजकडूनच, सातव्या सामन्यात, ९२-९१! घरचे सामनेही त्यांना इंडियानापोलिसमध्ये खेळावे लागले होते, कारण फोर्ट वेनचं स्टेडियम बोलिंगच्या स्पर्धेला दिलेलं होतं. ती हार मला आजही अन्यायाची वाटते.

व्यावसायिक संघासाठी फोर्ट वेन लहान पडू लागलं, तेव्हा १९५७ मध्ये झोलनर यांनी संघ डेट्रॉइटला हलवला. नंतरची बरीच वर्षं यथातथाच गेली. त्या काळातला मोठा खेळाडू डेव्ह बिंग. निवृत्तीनंतर त्याने पोलादाचा व्यवसाय उभारला आणि २००९ मध्ये तो शहराचा महापौर झाला.

१९७४ मध्ये काचेच्या व्यवसायातले बिल डेव्हिडसन मालक झाले. १९७८ मध्ये संघ शहर सोडून आधी पॉन्टिअ‍ॅकला आणि १९८८ मध्ये ऑबर्न हिल्सला गेला. आयझेया थॉमसच्या ‘बॅड बॉइज’ची (धसमुसळ्या खेळामुळे पडलेलं संघाचं टोपणनाव) १९८९ आणि १९९० ची विजेतेपदं, तसंच २००४ चं, ही तिन्ही त्या उपनगरातल्या काळातली. २००४ चा संघ माझा सर्वांत लाडका: शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या लेकर्सना त्यांनी निव्वळ बचावाच्या आणि एकजुटीच्या जोरावर ४-१ असं हरवलं.

शहरात संघ परतला तो थेट २०१७ मध्ये. २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरून जेमतेम १४ जिंकलेल्या या संघाने पुढच्याच मोसमात ४४ सामने जिंकून प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, गाठला.